शालेय ग्रंथालय : ठरलेला तास की खुले दार?

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १८३५ साली शालेय जिल्ह्यांना ग्रंथालयासाठी कर आकारण्याची मुभा दिली. मात्र त्या संग्रहांतील बरीच पुस्तके प्रौढांसाठीच होती आणि पुढे तो निधी शिक्षकांच्या पगाराकडेही वळवता येऊ लागला. तेथील शालेय ग्रंथालयांना खरी गती मिळाली ती १९६५ च्या कायद्याने. केंद्र सरकारचा पैसा थेट ग्रंथालयीन साहित्यासाठी मिळू लागला आणि तोवर वर्गातल्या कपाटावर भागवणाऱ्या अनेक प्राथमिक शाळांत स्वतंत्र ग्रंथालये उभी राहिली.

त्यांच्याबरोबर वेळापत्रकाचा तंटाही आला. आठवड्यातून एकदा अख्खा वर्ग रांगेने येणार, पुस्तके परत करणार, गोष्ट ऐकणार आणि घंटा होण्याआधी घाईघाईने नवे पुस्तक नोंदवून घेणार, ही पद्धत रूढ होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ग्रंथपालांच्या व्यावसायिक मार्गदर्शक तत्त्वांनी तिच्याऐवजी गरजेनुसार प्रवेशाचा आग्रह धरला. विज्ञानाच्या तासाला सोमवारी पडलेला प्रश्न शुक्रवारपर्यंत तग धरत नाही, आणि माहिती शोधण्याचे व पारखण्याचे कौशल्य अभ्यासविषयापासून तोडून शिकवले तर ते मुलांच्या अंगवळणी पडत नाही, असा तो युक्तिवाद होता आणि तो बिनतोड वाटतो.

विरोधकांचा आक्षेपही हलका नव्हता. दार खुले ठेवले की उत्साही शिक्षकाचा वर्ग वारंवार येतो, उदासीन शिक्षकाचा महिनोन्‌महिने फिरकत नाही. ज्याच्या घरी एकही पुस्तक नाही, त्या मुलाचा हक्काचा तास तेवढा बुडतो. शिवाय ठरलेल्या तासाला वर्गशिक्षकाला पाठाच्या तयारीसाठी मोकळीक मिळते, आणि अनेक शाळांनी जुनी पद्धत सोडली नाही त्यामागे वाचनविचारापेक्षा हे कारण अधिक होते, जरी ते क्वचितच उघडपणे मांडले गेले.

१९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील एका राज्यापुरत्या अभ्यासात सुसज्ज ग्रंथालये आणि चांगले परीक्षा-गुण यांचा संबंध आढळला. तो कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे, तरी अनुदानाच्या मागण्यांत त्याचा आधार सर्रास घेतला गेला. १९९९ च्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याने ग्रंथपाल व शिक्षक एकत्र काम करतात तेव्हा साक्षरता, वाचन आणि माहिती हाताळण्याची कौशल्ये सुधारतात, असे मांडले. मधला मार्ग म्हणून काही शाळा लहान इयत्तांना ठरलेला तास देतात आणि मोठ्यांसाठी दार खुले ठेवतात. मात्र एकटा ग्रंथपाल वर्ग घेत असताना त्या खुल्या दाराशी येणाऱ्याला मदत करायला कोणी उरत नाही.