श्वसन, साठवलेल्या धान्यातील

अन्नरेणूंचे ऑक्सिजनच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने विघटन करून ऊर्जा मोकळी करण्याच्या पेशींतील क्रियेस श्वसन म्हणतात. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, १०८ ग्रॅम पाणी व सु. २,८७० किलोजूल ऊर्जा मिळते. ऊर्जेचा काही भाग एटीपी या ऊर्जा साठवणाऱ्या रेणूत साठतो (एका ग्लुकोजमागे जुन्या ग्रंथांत ३८ रेणू, आता ३० ते ३२ ग्राह्य), बाकीची उष्णता होते.

खळ्यावरून आलेला दाणाही जिवंत असतो. सोलापूर जिल्ह्यातील शाळू (रब्बी ज्वारी) ज्या पेवांत (जमिनीखालील धान्याच्या खड्ड्यांत) साठवत, त्यांचे यश याच क्रियेवर अवलंबून होते. क्विंटलभर ज्वारीच्या दाण्यांमध्ये अंदाजे ५० लिटर हवा असते. तोंड लिंपल्यावर तीतला ऑक्सिजन फार तर १३ ग्रॅम ग्लुकोजला पुरतो. पुढे सोंडे व इतर कीड गुदमरून मरते आणि नासाडी थांबते.

हा ऑक्सिजन नेमका कोण संपवतो, याविषयी मतभेद होते. पूर्वी श्वसनातून निघणारा सारा कार्बन डायऑक्साइड दाण्याच्या अंकुराचा मानला जाई. १९४० च्या दशकात मिल्नर व गेडिस या संशोधकांनी गव्हावर केलेल्या प्रयोगांत मात्र बुरशी वाढू लागेल एवढी ओल येताच श्वसनाचा वेग एकदम चढलेला दिसला. कोरड्या दाण्याचे स्वतःचे श्वसन अगदी मंद असते. ओलसर साठ्यातील बहुतेक कार्बन डायऑक्साइड बुरशीचा व किडीचा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. म्हणूनच ज्वारीतील ओलावा १२ टक्क्यांपर्यंत येईल अशी वाळवून मगच ती भरावी. तळाशी किंवा कडेला पाणी झिरपल्यास बुरशी वाढते, ऑक्सिजन संपल्यावर किण्वन (आंबण्याची क्रिया) सुरू होते, दाण्याला आंबूस वास येतो व उगवणशक्ती जाते. असे धान्य बियाण्यास निरुपयोगी.

पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत (सु. इ. स. पू. १६००–७००) धान्याचे खड्डे आढळले आहेत, पण तेथून पेवापर्यंत अखंड परंपरा मानणे घाईचे ठरेल.

बंद पेवात कार्बन डायऑक्साइड २० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. १० टक्क्यांनीही माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. दोरीने कंदील सोडून पाहण्याची रीत अपुरी आहे, कारण ज्योत ऑक्सिजनची कमतरता दाखवते, या वायूचा विषारीपणा नव्हे. शिवाय तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी राहतो आणि दाण्यांमध्ये अडकलेला भाग धान्य उपसताना बाहेर येतो. त्यामुळे तोंड उघडून पेव भरपूर वेळ हवेशीर ठेवल्यावरही उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधावा, वर दोघे असावेत. आतला कोसळल्यास त्यांनी दोराने ओढावे, मागोमाग उडी घेऊ नये.