औषधजन्य मधुमेह आणि डोळ्याचे कोड-क्रमांक: पार्श्वभूमी

स्टिरॉइडने साखर वाढते, हे डॉक्टरांना १९५०च्या दशकापासून ठाऊक आहे. अमेरिकेच्या कोडिंग पुस्तकात, म्हणजे प्रत्येक आजाराला कोड-क्रमांक देणाऱ्या यादीत, मात्र या मधुमेहाला धड जागा मिळायला २००८ उजाडलं. तोवर आयसीडी-९-सीएम या तेव्हाच्या यादीत तो २५१.८ खाली, स्वादुपिंडाच्या 'इतर' विकारांत ढकलला जाई. नेहमीच्या मधुमेहाला डोळ्यांसाठी २५०.५ होता, २५१.८ला तशी पोटविभागणीच नव्हती. १ ऑक्टोबर २००८ला २४९ ही 'दुय्यम मधुमेहा'ची मालिका आली आणि २४९.५ डोळ्यांसाठी राखला गेला. पण औषध, स्वादुपिंडाचा आजार, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल वाढण्याचा आजार) सगळं एकाच पोत्यात.

आयसीडी-१०-सीएम ही पुढची यादी १ ऑक्टोबर २०१५ला लागू झाली तेव्हा ही सरमिसळ सुटली. दुसऱ्या आजारामुळे झालेला ई०८, औषध वा रसायनामुळे झालेला ई०९. औषध नीट घेऊनही मधुमेह झाला तर ई०९ आधी आणि कोणत्या औषधाने झाला ते सांगणारा टी-कोड मागाहून, स्टिरॉइडसाठी टी३८.०एक्स५ए. चुकीचं औषध किंवा जास्त डोस असेल तर क्रम उलटा. वर्षभराने रेटिनोपथीच्या (मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या विकाराच्या) कोडांना सातवं अक्षर जोडलं: १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही, ९ म्हणजे नोंदच नाही.

खरी गुंतागुंत मोतीबिंदूची. त्याच १ ऑक्टोबर २०१६पासून मार्गदर्शक सूचनांमध्ये 'विथ' ('सह') या शब्दाचा अर्थ पक्का झाला: मधुमेह आणि पुस्तकात त्याच्याखाली दिलेली गुंतागुंत दोन्ही कागदावर असतील, तर संबंध गृहीत धरायचा, डॉक्टरांनी स्पष्ट नाकारलं तरच सोडायचा. टाइप २साठी हे सोयीचं आहे. ई०९मध्ये मात्र ते अडतं, कारण स्टिरॉइड भिंगाच्या मागच्या बाजूला स्वतःच मोतीबिंदू करतं. १९६०पासून हे नोंदलेलं आहे. वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेणाऱ्याच्या फाइलमध्ये 'स्टिरॉइड-इंड्यूस्ड डीएम, कॅटरॅक्ट' (स्टिरॉइडमुळे मधुमेह, मोतीबिंदू) एवढंच लिहिलं असेल, तर नियमाने ई०९.३६, म्हणजे औषधजन्य मधुमेहाने झालेला मोतीबिंदू, लागतो. डॉक्टरांच्या मनात कदाचित औषधजन्य मोतीबिंदूचा एच२६.३ असतो. 'दोन्ही डोळ्यांत स्टिरॉइडमुळे पीएससी' (भिंगाच्या मागच्या बाजूचा मोतीबिंदू) असं लिहिलं की एच२६.३३ मिळतो, शिवाय बाजूही कळते. ई०९.३६मध्ये डावं-उजवं नाहीच. डोळ्याच्या कोडात हे विचित्रच म्हणायचं. माझ्या मते गृहीतकाने इथे डॉक्टरांचं काम कोडरच्या, म्हणजे नोंद वाचून कोड लावणाऱ्याच्या, गळ्यात घातलं. संदिग्ध नोंदीवर कोड ठोकून देण्याआधी डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवणं बरं.

आधीच टाइप २ असलेल्याची साखर स्टिरॉइडने भडकली तर ई०९ नाही, टाइप २मध्ये साखर वाढल्याचा ई११.६५ आणि सोबत टी-कोड. आणि कागदावर मधुमेह हा शब्दच नसेल, नुसतं 'स्टिरॉइडवर शुगर वाढली' असेल, तर गाडी नुसत्या वाढलेल्या साखरेच्या आर७३.९च्या पुढे जात नाही.