ओळंबा-दोर : खोल सरोवरातील ट्राउटची मासेमारी

चालत्या होडीमागून जड शिसे लावलेला दोर ओढून, त्या दोराला ठरावीक अंतरांवर बांधलेल्या गळांनी खोल पाण्यातील ट्राउट व त्याच्या कुलातील मासे धरण्याची पद्धत. इंग्लंडच्या सरोवर प्रदेशातील विंडरमिअर आणि कॉनिस्टन या सरोवरांत ती परंपरेने चालत आली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील फिंगर लेक्स या सरोवरांत आणि आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या जिनीव्हा, बूर्झे व कॉन्स्टन्स सरोवरांतही तिच्याशी जुळत्या पद्धती आढळतात. आज खोल ट्रोलिंग (चालत्या होडीमागून गळ ओढणे) म्हटले की डाउनरिगर हे यंत्र गृहीत धरले जाते. चार-पाच किलो वजनाचा शिशाचा गोळा पोलादी तारेने खाली सोडायचा आणि गळाची दोरी त्याला चिमट्याने अडकवायची, अशी त्याची रचना असते. मासा लागला की चिमटा सुटतो व दोरी मोकळी होते. या नोंदीत डाउनरिगरविना चालणाऱ्या पद्धतींचाच विचार केला आहे. त्यांत ओळंबा-दोर मुख्य आहे, कारण खोलीवर ताबा ठेवण्याचा प्रश्न या पद्धतीने सर्वांत नेटकेपणाने सोडवला आहे.

मासे : ‘ट्राउट’ हे नाव येथे सैल अर्थाने येते. उत्तर अमेरिकेच्या खोल सरोवरांतील लेक ट्राउट (सॅल्व्हेलिनस नमायकुश) हा वर्गीकरणाच्या दृष्टीने ट्राउट नसून ‘आर्क्टिक चार’ या माशाचा (सॅल्व्हेलिनस आल्पिनस) सगोत्र आहे. विंडरमिअरमध्ये ओळंबा-दोराने धरला जातो तो आर्क्टिक चारच. तपकिरी ट्राउट (साल्मो ट्रुटा) त्याच दोराला अधूनमधून लागतो. इंद्रधनुषी ट्राउट पूर्वी साल्मो प्रजातीत धरला जाई, 1989 पासून तो पॅसिफिक सामनच्या ऑन्कोऱ्हिंकस प्रजातीत गणला जातो. सगळे सॅल्मोनिडी कुलातले असले, तरी मच्छीमाराच्या दृष्टीने एक फरक मोलाचा आहे. सॅल्व्हेलिनस प्रजातीच्या या दोन माशांना थंडावा अधिक लागतो. लेक ट्राउट साधारण 10° से.च्या आसपासच्या पाण्यात रमतो, तर इंद्रधनुषी ट्राउटला त्याहून काहीसे उबदार पाणी चालते. उन्हाळ्यात एकाच सरोवरात दोघांची खोली वेगळी असते ती यामुळेच.

पाण्याचे थर : गोडे पाणी 4° से.ला सर्वांत जड असते. उन्हाळा वाढतो तसा वरचा थर तापून हलका होतो आणि खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहतो. या दोहोंमध्ये काही मीटर जाडीचा एक पट्टा असतो व तेथे तापमान झपाट्याने उतरते. हा पट्टा म्हणजे थर्मोक्लाइन. ट्राउट त्याच्या आत किंवा लगतच खाली असतो. वर पाणी गरम आणि फार खाली अन्न कमी, काही सरोवरांत तर प्राणवायूही कमी. म्हणून गळ ‘खोल’ जाणे पुरेसे नाही, तो ठरावीक खोलीवर टिकून राहिला पाहिजे. पाच मीटर वर किंवा खाली गेला, तर दिवसभर ओढूनही हाती काही लागत नाही.

हा पट्टा सपाट राहत नाही, ही गोष्ट मच्छीमारीच्या पुस्तकांत बहुधा सुटते. एकाच दिशेने वारा वाहत राहिला की वरचे गरम पाणी वाऱ्याच्या पुढच्या काठाशी साचते आणि तेथे थर्मोक्लाइन खाली दबते. उलट काठाशी ती वर येते. वारा पडल्यावर ही कललेली सीमा झुलू लागते आणि तिचे हेलकावे पुढे कित्येक तास, कधी काही दिवस चालतात. पृष्ठभागावर मात्र त्याची खूण दिसत नाही. स्कॉटलंडच्या लॉख नेस सरोवरातील तापमानांवरून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही अंतर्गत दोलने ओळखली गेली. सरोवरशास्त्रज्ञ सी. एच. मॉर्टिमर यांनी 1952 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांचे सविस्तर विवेचन केले, आणि त्यासाठी वापरलेली तापमाने विंडरमिअरचीच होती. काल सापडलेली खोली आज चुकते यामागचे हे एक भक्कम कारण आहे. वेगवेगळ्या खोल्यांवर गळ ठेवणारा दोर अशा सरोवरात उपयोगी पडावा, हे ओघानेच आले.

साधने : विंडरमिअरची पारंपरिक मांडणी अशी. वल्ह्यांच्या होडीच्या दोन्ही बाजूंना सुमारे पाच मीटर लांबीची एकेक काठी आडवी बाहेर काढलेली असते. प्रत्येक काठीवरून एक मुख्य दोर पाण्यात उतरतो. त्याच्या टोकाला अर्धा ते पाऊण किलोचे शिसे असते, आणि मुख्य दोरावर ठरावीक अंतराने सहा-सात उपदोर बांधलेले असतात. प्रत्येक उपदोराच्या शेवटी धातूच्या पातळ पत्र्याचे, पाण्यात फिरणारे किंवा डुलणारे आमिष असते. सर्वांत खालचा गळ 25 मीटर किंवा त्याहूनही खाली जातो, वरचा त्याच्या निम्म्यातच राहतो. काठ्यांच्या टोकांना घंटी बांधतात. मासा लागला की ती वाजते. मग मच्छीमार दोर होडीत ओढून उपदोर एकेक करून आत घेत जातो. वरच्या गळाला मासा असेल तर काम लवकर होते. सर्वांत खालच्याला असेल तर आधीचे सगळे उपदोर क्रमाने बाजूला लावावे लागतात, आणि एक जरी चुकला तरी सगळ्यांचा गुंता होतो.

आमिषाचे पत्रे हा या परंपरेतील खास कसबाचा भाग. तांबे, पितळ व चांदी यांचे पत्रे कापून, ठोकून, हलकासा बाक देऊन ते घरीच करत. एक बाजू रुपेरी आणि दुसरी तांबूस किंवा सोनेरी अशी जोड विशेष पसंत असे. पत्रा जितका पातळ तितका तो मंद वेगातही फिरतो. वल्ह्यांच्या चालीवर फिरेल असाच पत्रा येथे हवा असतो, कारण मोटरच्या वेगासाठी केलेला जड चमचा (चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष) या चालीला नुसता लोंबत राहतो. आल्प्सकडील सरोवरांत याच कामासाठी शिंपल्याच्या मोतिया थराचे चमचे वापरत आले आहेत.

खोलीचे गणित : ओढलेल्या दोराला पाण्याचा रोध होतो आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की रोध चौपट होतो, शिशाचे वजन मात्र तेवढेच राहते. साहजिकच दोर मागे लोटला जातो आणि गळ वर येतो. दोर सरळ आहे असे मानले, तर 30 मीटर दोर उभ्या रेषेशी 30° कोन करत असताना शिसे सुमारे 26 मीटरवर असते. 45° ला ते 21 मीटरवर आणि 60° ला 15 मीटरवर येते. प्रत्यक्षात दोर सरळ नसतो. रोध वरच्या दिशेने साठत जात असल्याने दोर पृष्ठभागाशी सर्वांत तिरका व शिशाजवळ जवळजवळ उभा असतो, म्हणून वरचा कोन पाहून काढलेली खोली खऱ्या खोलीपेक्षा थोडी कमीच भरते. दोराची जाडीही येथे निर्णायक ठरते. तेवढ्याच ताकदीचे जाड तंगूस बारीक विणीच्या दोरीपेक्षा जास्त वर उचलले जाते. अनुभवी मच्छीमार यातले काहीही मांडत बसत नाही. दोर पाण्यात शिरतो तेथील तिरकेपणा पाहून तो वल्ह्यांची गती राखतो. या पद्धतीचे खरे कौशल्य या नजरेत आहे, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे.

वळणावर हेच गणित उघडे पडते. होडी वळताना आतल्या बाजूचा दोर मंदावून खाली जातो, बाहेरचा वेग घेऊन वर येतो. मासा सतत आतल्या दोराला लागत असेल, तर चाल कमी करावी किंवा दोर वाढवावा. बाहेरच्याला लागत असेल तर उलट.

उगम : विंडरमिअरच्या आर्क्टिक चारची ख्याती जुनी आहे. सिलिया फाइन्स या प्रवासिनीने 1698 च्या आपल्या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख केला आहे. मसाला घालून शिजवलेला व वर लोण्याचा थर दिलेला हा मासा उथळ भांड्यांत भरून अठराव्या शतकात लंडनपर्यंत जाई. पण तो सारा व्यापार मुख्यतः जाळ्यांवर चालत होता. त्यामुळे माशाच्या प्रसिद्धीवरून दोराची प्राचीनता काढणे सुरक्षित नाही. ओळंबा-दोर आजच्या रूपात बहुधा एकोणिसाव्या शतकात स्थिरावला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जाळ्यांची मासेमारी थांबल्यावर तोच या माशाचा मुख्य मार्ग उरला.

अमेरिकेत याच घडणीच्या दोराला सेठ ग्रीन यांचे नाव आहे. ग्रीन (1817–88) हे न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरकडचे. 1864 मध्ये त्यांनी कॅलेडोनिया येथे मत्स्यबीज केंद्र उभारले. 1868 मध्ये ते राज्याच्या मत्स्य आयोगावर आले आणि 1871 मध्ये शॅड माशाची पिले आगगाडीने कॅलिफोर्नियात नेऊन त्यांनी मोठी कीर्ती मिळवली. त्यांच्या नावाच्या रचनेत एका मुख्य दोराच्या तळाशी शिसे आणि वर अंतराअंतराने चमचे असतात. म्हणजे ती तत्त्वतः विंडरमिअरचीच मांडणी आहे.

या साम्याचा अर्थ तीन प्रकारे लावता येतो. पहिला, इंग्लंडमधील रिवाज स्थलांतरितांबरोबर पलीकडे गेला. दुसरा, ग्रीन यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. तिसरा, दोन्हीकडे सामान्य मच्छीमारांनी आपापल्या जागी तो घडवला आणि ग्रीन यांच्या लोकप्रियतेमुळे अमेरिकेत त्यांचे नाव चिकटले. येथे तिसऱ्या अर्थाकडे कल ठेवला आहे. खोल, अरुंद, हिमनदीने कोरलेली सरोवरे, उन्हाळ्यात तळाकडे जाणारा मासा आणि वल्ह्यांची मंद होडी ही परिस्थिती विंडरमिअरला (सु. 64 मी. खोल) आहे, तशीच फिंगर लेक्समधील सेनेका (सु. 188 मी.) व कायुगा (सु. 133 मी.) या सरोवरांनाही आहे. आल्प्समधील शिसेबद्ध ओढदोर हा तिसरा नमुना समोर ठेवला, तर एकाच ठिकाणी उगम मानण्याची गरजच उरत नाही. नामकरणावरून शोधकर्ता ठरवण्याचा मोह मत्स्यविद्येच्या इतिहासात वारंवार दिसतो, तो येथेही टाळलेला बरा.

अन्य पद्धती : फिंगर लेक्समध्ये तांब्याची तार हाताने ओढण्याचीही परंपरा आहे. तारेचे स्वतःचेच वजन तिला खाली नेते, वेगळे शिसे लागत नाही. मच्छीमार तार हातात धरून तिला लयीत झटके देतो. तळालगत चमचा उसळतो व पुन्हा बसतो, आणि तार ताणली जात नसल्यामुळे माशाचा स्पर्श थेट बोटांना कळतो. तार गुंडाळण्यासाठी जुन्या चावीच्या ग्रामोफोनची यंत्रे जोडण्याचा उपायही तेथे रूढ होता. तारेचा दोष एकच, पण मोठा. ढिली पडली की तिला पीळ बसतो आणि पिळाच्या जागी ती तुटते.

विणलेल्या आवरणात शिशाची बारीक तार घातलेली दोरी, म्हणजेच लेड-कोअर, आज जास्त प्रचारात आहे. तिचा रंग दर 10 यार्डांना (सु. 9 मी.) बदलतो, त्यामुळे किती सोडली ते रंग मोजून कळते. सुमारे 3 किमी. ताशी वेगाने एक रंग सर्वसाधारणपणे दीड मीटर खोली देतो. दहा रंग सोडले तरी मजल 15 मीटरच्या आसपासच, म्हणून खरोखर खोल असलेल्या माशासाठी ती अपुरी पडते. याखेरीज ओढताना गळाला खाली नेणाऱ्या तिरप्या तबकड्या आणि तीन कड्यांच्या स्विव्हेलला (फिरत्या जोडकडीला) खाली शिसे व मागे चमचा लावण्याची साधी युक्तीही वापरतात.

डाउनरिगरचा प्रसार : मिशिगन राज्याने 1966 मध्ये मिशिगन सरोवराच्या खोऱ्यात कोहो सामन सोडला. त्यानंतर काही वर्षांतच पंचमहासरोवरांवर मोटरबोटींची छंदाची मासेमारी उसळली, आणि डाउनरिगर सर्वत्र पोचला तो याच लाटेबरोबर. त्याने खोली अचूक दिली व मासा लागल्यावर दोरी शिशापासून मोकळी केली. हे दोन्ही फायदे खरे आहेत. तथापि लहान होडी, वल्ह्यांची चाल आणि एकाच दोरावर अनेक खोल्यांची चाचपणी या बाबतींत जुना दोर मागे पडलेला नाही.

शिसे व मासा सोडणे : राजहंसांना होणाऱ्या विषबाधेमुळे ब्रिटनमध्ये 1987 पासून गळाच्या लहान शिशांवर बंदी आहे. ती 28.35 ग्रॅमपर्यंतच्या वजनांना लागू असल्याने ओळंब्याचे जड शिसे तिच्या कक्षेबाहेर राहते. सॅल्मोनिडी कुलातील माशांचा वाताशय नळीने अन्ननलिकेला जोडलेला असतो. त्यामुळे खोलवरून येताना ते हवा बाहेर टाकू शकतात, आणि पर्चसारख्या माशांप्रमाणे फुगून तरंगत नाहीत. मात्र ऐन उन्हाळ्यात वरच्या गरम थरात फार वेळ खेळवलेला मासा सोडूनही मरण्याचा धोका असतो.

सद्यःस्थिती : विंडरमिअरमधील आर्क्टिक चारची संख्या गेल्या काही दशकांत चिंताजनक रीतीने घटली आहे. सांडपाण्यातील फॉस्फरसमुळे शैवाल वाढले, ते कुजून खोल पाण्यातील प्राणवायू खाल्ला गेला, आणि याचा सर्वाधिक फटका दक्षिणेकडील उथळ खोऱ्याला बसला. 1992 पासून सांडपाण्यातून फॉस्फरस काढण्याची व्यवस्था झाली. पण पाण्याचे वाढते तापमान आणि रोच या माशाची वाढ यांचा दाब कायम आहे. या घसरणीचा माग लावताना शास्त्रज्ञांनी प्रतिध्वनी-मापनाबरोबरच (ध्वनिलहरींनी माशांचा अंदाज घेण्याबरोबरच) ओळंबा-दोराच्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे ठेवलेल्या पकडीच्या नोंदीही वापरल्या. साधन व खोली पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिल्याने त्या नोंदी परस्परांशी ताडून पाहता येतात. सरोवरविज्ञानाला या परंपरेने दिलेली ही देणगी मोठी आहे. दोर ओढणारे हात आता मोजके उरले असले, तरी या पद्धतीला खरा धोका नव्या यंत्रापासून नाही. थंड, प्राणवायूयुक्त खोल पाणीच आटत चालले आहे.

भारत : तपकिरी ट्राउट काश्मीरमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी रुजला आणि इंद्रधनुषी ट्राउट त्याच सुमारास निलगिरीत आणला गेला. दोन्हीकडे मासेमारी मुख्यतः ओढ्यांत व काठावरून चालते. महाराष्ट्रातील धरणांचे पाणी ट्राउटला फार उबदार आहे.