चादरीचं दुसरं टोक

ओली सोलापुरी चादर किती जड असते, हे ती पिळणाऱ्यालाच कळतं. आमच्या घरी चादरी रविवारी धुवायच्या. आई न्हाणीच्या उंबऱ्याशी एक टोक धरून उभी राहायची आणि दुसरं टोक माझ्या हातात द्यायची. समोरासमोर उभं राहून दोघींनी आपापल्या उजवीकडे पीळ घालायचा. सुरुवातीला मी तिचे हात बघून आरशातल्यासारखे माझे हात फिरवायचे, मग चादर नुसतीच गोल फिरायची, पीळ काही बसायचा नाही. खरा पीळ बसला की चादरीचा जाड दोर व्हायचा, मधेच वेटोळं घ्यायचा आणि पाणी कोपरापर्यंत ओघळायचं. माझे तळवे लाल व्हायचे. आई म्हणायची, “अजून एक पीळ दे गं, पावसाचे दिवस आहेत.”

त्या ‘अजून एका पिळा’त किती भौतिकशास्त्र आहे, हे मला फार उशिरा समजलं. धुणं म्हटलं की आपल्याला साबण, घासणं, आपटणं, चुबकणं आठवतं. पण मळ काढण्याइतकंच कष्टाचं काम त्यानंतर सुरू होतं, ते म्हणजे कापडात शिरलेलं पाणी बाहेर काढणं. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या घरांत एक छोटं यंत्र आलं: दोन रूळ, एक हँडल आणि वर एक स्क्रू. त्याला रिंगर म्हणत. कपडे धुण्याच्या यंत्रांचा इतिहास सांगताना त्याचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. मला मात्र तेच यंत्र सगळ्यात मोलाचं वाटतं.

आधी पाणी कापडात कुठे दडून बसतं ते पाहू. कापसाचा तंतू साधारण 12 ते 20 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाहून कितीतरी बारीक. असे असंख्य तंतू वळून सूत होतं आणि सूत विणून कापड. भिजलेल्या कापडातलं काही पाणी मोठ्या फटींतलं असतं, ते आपोआप निथळतं. थोडं तंतूच्या आतच मुरतं, ते वाळल्याशिवाय सुटत नाही. पण सगळ्यात जास्त पाणी तंतूंमधल्या बारीक फटींत केशाकर्षणाने अडकून राहतं. 10 मायक्रॉन त्रिज्येची फट धरली, तर पृष्ठताण त्या पाण्याला सुमारे 14,000 पास्कल दाबाने धरून ठेवतो. म्हणजे जवळजवळ दीड मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका. सदरा काही दीड मीटर लांब नसतो, त्यामुळे तो दिवसभर दांडीवर टांगला तरी नुसत्या गुरुत्वाकर्षणाने हे पाणी खाली येत नाही. चादरीची खालची किनार सगळ्यात शेवटी का वाळते, याचं उत्तरही इथेच आहे. वरच्या मोठ्या फटींतलं पाणी झिरपत खाली येतं आणि खालच्या काठाशी अडकतं.

आता हे पाणी घालवायचे दोन रस्ते: वाफ करून उडवायचं किंवा दाबून काढायचं. 1 लिटर पाण्याची हवेच्या साध्या तापमानाला वाफ व्हायला सुमारे 24 लाख ज्यूल ऊर्जा लागते. तेच पाणी वातावरणाच्या 10 पट दाबाने पिळून काढलं तर साधारण 1,000 ज्यूल पुरतात. 1,000 ज्यूल म्हणजे 10 किलोची कळशी तीन मजले वर नेण्याचं काम. 24 लाख ज्यूलमध्ये तीच कळशी चोवीस किलोमीटर उंच जाईल! घर्षणात पुष्कळ वाया जातं हे धरलं तरी हे दोन आकडे एकमेकांच्या आसपासही येत नाहीत. वैशाखात हा खर्च ऊन करतं, म्हणून आपल्याला तो जाणवत नाही. कोकणातल्या आषाढात तो कुणीच करत नाही आणि कपड्यांना कुबट वास येतो. उत्तर अमेरिकेतल्या जानेवारीत तर दोरीवरचे कपडे गोठून पत्र्यासारखे ताठ व्हायचे. तिथे पिळून काढलेला प्रत्येक पेला मोलाचा होता.

हाताने पिळण्यात मोठी अडचण अशी की दाब सगळीकडे सारखा पडत नाही. दोराच्या एका भागावर खूप ताण येतो, तर आतल्या घडीत पाणी तसंच राहतं. कापूस ओला झाला की थोडा अधिक बळकट होतो, म्हणून तो हा छळ सोसतो. लोकर ओली झाली की दुबळी होते, पिळली की आकार सोडते. शिवाय सगळा भार येतो मनगटांवर. आठवड्याचं घरभराचं धुणं एकटीने पिळायचं म्हणजे काय, ते त्या बायकांच्या हातांनाच ठाऊक.

रुळांची युक्ती आपल्याला नवी नाही. रसवंतीवर उसाचं कांडं चरकाच्या दोन लाटांमध्ये सारतात, पलीकडे चोयटी आणि खाली रस. कापसातली सरकी काढायची हातचरकीही दोन रूळ उलट दिशांनी फिरवूनच चालायची. रिंगर म्हणजे कापडाचा चरक. दोन रूळ जिथे भिडतात तिथे एक अरुंद पट्टी तयार होते आणि स्क्रूचा सगळा जोर त्या पट्टीवरच एकवटतो. 30 सेंटिमीटर लांब आणि 1 सेंटिमीटर रुंद पट्टीवर 50 किलो वजनाइतका जोर दिला, तर तिथला दाब वातावरणाच्या दीडपट होतो. आपण वर मोजलेल्या 14,000 पास्कलच्या तो दहापटीहून जास्त आहे. चादरीचा प्रत्येक इंच त्या पट्टीतून जातो, त्यामुळे कुठली घडी सुटत नाही. आणि पीळ नसल्यामुळे सुतावर आडवा ताणही येत नाही.

मात्र लाकडी रूळ कठीण असतात. चादर सपाट गेली तर ठीक, पण सदऱ्याची दुहेरी शिवण आली की रूळ त्या जाडीवर उचलले जात आणि शेजारचं पातळ कापड ओलंच राही. बटणं तर तडातड फुटत. यावर उपाय होता रबर, पण कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधकासोबत तापवलेलं रबर टिकाऊ होतं असं आढळलं आणि 1844 मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. या रबराला गरम साबणपाण्याचं भय नव्हतं. शिवण आली की ते तेवढ्यापुरतं दबायचं आणि बाकी ठिकाणी कापडाला धरून राहायचं. म्हणजे गाड्यांची चाकं रबराच्या धावांवर पळू लागण्याच्या कितीतरी आधी हे रबर धुण्याच्या टबाशी कामाला लागलं होतं.

हे यंत्र जवळून कसं दिसायचं? टबाच्या काठाला पकडीने घट्ट बसवलेली एक चौकट. तिच्यात एकावर एक दोन पांढरट रूळ, वर दाब कमी-जास्त करायचा स्क्रू, त्याखाली स्प्रिंग, बाजूला हँडल. हँडलने एकच रूळ फिरवला तर दुसरा फक्त कापडाच्या घर्षणाने फिरतो, आणि जाड घोंगडी आली की घसरतो. म्हणून दोन्ही रुळांना दातेरी चाकांनी जोडू लागले. 1860 च्या दशकातल्या अमेरिकन जाहिरातींमध्ये या दात्यांचं केवढं कौतुक असे! वापरणाऱ्या बायकांच्याही रीती ठरलेल्या होत्या. बटणं आतल्या बाजूला घडी घालून घ्यायची, कपडा एका कोपऱ्याकडून सारायचा, आणि काम झालं की स्क्रू सैल करून ठेवायचा, नाहीतर रबर एकाच जागी दबून सपाट होतं.

धुण्याची यंत्रं याआधीच येऊ लागली होती. जर्मनीत रेगेन्सबुर्गच्या याकोब क्रिस्टियान शेफर या धर्मोपदेशक-निसर्गशास्त्रज्ञाने 1760 च्या दशकात एका यंत्राची माहिती छापून प्रसिद्ध केली. लंडनच्या हेन्री सिजियर यांना 1782 मध्ये हाताने फिरवायच्या पिंपाचं पेटंट मिळालं. पिट्सबर्गच्या हॅमिल्टन स्मिथ यांचं फिरतं यंत्र 1858 चं. 1874 मध्ये इंडियाना राज्यातल्या विल्यम ब्लॅकस्टोन यांनी बायकोच्या वाढदिवसाला लाकडी टबाचं यंत्र करून दिलं, असं सांगतात. आत उलट्या तिवईसारख्या खुंट्या आणि बाहेर त्या पुढे-मागे फिरवायचं हँडल. ही यंत्रं कपडे घुसळत, पण कपडे बाहेर येत ते पाण्याने थबथबलेले. त्यांच्या काठावर रिंगर बसला तेव्हा कुठे काम खऱ्या अर्थाने हलकं झालं.

याचं कारण खळबळण्याच्या गणितात आहे. समजा, साबणाच्या पाण्यातून काढलेले कपडे 3 लिटर साबणपाणी धरून आहेत. ते खळबळले, सगळं मिळून 12 लिटर पाण्यात. साबण सगळीकडे पसरला आणि कपड्यांनी पुन्हा 3 लिटर पाणी धरलं, म्हणजे चौथा हिस्सा साबण कपड्यांतच राहिला. दोनदा खळबळून सोळावा हिस्सा. पण दर वेळी पिळून कपड्यांत 1 लिटरच पाणी ठेवलं, तर त्यातल्या साबणाचा एका वेळी बारावा आणि दोन वेळी एकशे चव्वेचाळिसावा हिस्साच उरतो. तेवढ्याच पाण्यात कपडे कितीतरी स्वच्छ. नळ घरात येण्याआधी अमेरिकेत एकदा धुणं, एकदा उकळणं आणि एकदा खळबळणं एवढ्यासाठी सुमारे 190 लिटर पाणी लागे, असा हिशेब आहे. ते विहिरीवरून किंवा पंपावरून आणायचं, तापवायचं आणि वापरून झालं की उपसून टाकायचं. शिवाय रिंगरमधून निघालेलं साबणपाणी परत त्याच टबात पडे आणि पुढच्या कपड्यांच्या कामी येई. हंडे वाहणाऱ्या बाईला हे कागदावर मांडून दाखवावं लागत नाही.

रिंगरचा एक थोरला भाऊ होता, मँगल. त्याचं काम पाणी काढण्याचं नव्हतं, तर वाळत आलेल्या कापडाच्या सुरकुत्या काढण्याचं. जुन्या पेटीच्या मँगलमध्ये दगड भरलेली अवजड पेटी कापड गुंडाळलेल्या लाकडी रुळांवरून पुढे-मागे ढकलत. इंग्लंडमध्ये एखादी बाई विधवा झाली की शेजारीपाजारी वर्गणी काढून तिला मँगल घेऊन देत आणि ती लोकांच्या चादरी दाबून पोट भरी. पुढे दोन्ही यंत्रं एकमेकांत मिसळली आणि इंग्लंडात पिळायच्या यंत्रालाही मँगलच म्हणू लागले.

या यंत्राच्या गोष्टीतलं एक नाव मला विसरता येत नाही: एलेन एग्लिन. वॉशिंग्टनमध्ये राहणारी, घरकाम करणारी कृष्णवर्णीय स्त्री. तिने रिंगरचा एक सुधारित प्रकार शोधला आणि 1888 मध्ये त्याचे हक्क एका एजंटाला 18 डॉलरला विकून टाकले. ‘द वुमन इन्व्हेंटर’ या नियतकालिकात तिने कारण सांगितलं. हे यंत्र कृष्णवर्णीय बाईचं आहे असं कळलं तर गोऱ्या बायका ते घेणार नाहीत, असं तिचं म्हणणं होतं. आपण आणखी एका शोधावर काम करतोय आणि तो आपल्या नावाने येईल, असंही ती म्हणाली होती. तिच्या नावावर पेटंट मात्र सापडत नाही. दुसऱ्यांचं धुणं पिळताना ज्या हातांना कळा लागल्या, त्याच हातांना उपाय सुचला, आणि बदल्यात मिळाले 18 डॉलर. हे वाचलं की मला आजही राग येतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यंत्राला विजेची मोटर लागली, आणि सोबत नवा धोकाही आला. हँडल फिरवणारा हात थांबला की रूळ थांबतात. मोटर थांबत नाही. कपडा सारताना बोटं आत गेली की रूळ हात ओढत कोपरापर्यंत, कधी काखेपर्यंत नेत आणि तिथे अडकून जागच्या जागी फिरत राहत. माणूस घाबरून हात मागे ओढतो, तेव्हा कातडी सोलवटते. यात लहान मुलं फार सापडत. 1938 मध्ये मॅकॉलम या शल्यविशारदाने अशा 26 रुग्णांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात मांडली आणि या दुखापतीला ‘रिंगर आर्म’ हे नाव रूढ झालं. धक्का लागताच रूळ सुटे करणारी पट्टी यंत्रावर आली, तरी आया मुलांना यंत्रापासून लांबच ठेवत.

मग पाणी काढायची दुसरी रीत आली, कपडे जाळीच्या डब्यात गरगर फिरवायची. आपल्याकडच्या सेमी-ऑटोमॅटिक यंत्रात शेजारचा छोटा डबा हेच करतो. आपण त्याला ड्रायर म्हणतो, पण तो वाळवत नाही, पिळतो. साधारण 12 सेंटिमीटर त्रिज्येचा डबा मिनिटाला 1,300 फेरे घेत असेल, तर कडेच्या कापडातल्या पाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशेपटीहून जास्त जोर येतो आणि ज्या फटींनी पाणी सोडायचं नाकारलं होतं, त्या ते सोडतात. कपडा कसाही कोंबला तरी चालतो आणि बोटं झाकणाबाहेर राहतात. त्यामुळे रुळांचे दिवस संपले, तरी रेंगाळत संपले. आयोवातल्या मेटॅग कंपनीने शेवटचं रिंगर यंत्र केलं ते 1983 मध्ये.

अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या, सार्वजनिक वीज न घेणाऱ्या लोकांच्या वस्त्यांत ही यंत्रं अजून चालतात, कुठे पेट्रोलच्या इंजिनावर, कुठे दाबलेल्या हवेवर. सोमवार तिथे धुण्याचा वार. एक जण टबातून चादर उचलून तिचा कोपरा रुळांना देतं, पाणी खाली टबात धो धो पडतं आणि पलीकडून चादर पाटासारखी सपाट होऊन येऊ लागते. ती जमिनीवर पडू नये म्हणून दुसरं टोक धरायला तिथे कुणीतरी उभं असतं.