आयरिश स्त्रीनामे व मधले नाव

आयर्लंडमध्ये मुलीच्या पहिल्या नावाला जोडून ठेवले जाणारे दुसरे, क्वचित तिसरे नाव. महाराष्ट्रातल्या वाचकाने येथे आपली सवय जरा बाजूला ठेवावी. हे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे नसते. वडिलांकडचे नाते आयरिश भाषेत आडनावाआधी येणारा ‘नी’ किंवा ‘निक’ सांगतो. ‘नी’ म्हणजे ‘अमक्याच्या वंशजाची मुलगी’ या अर्थाच्या शब्दजोडीचे झिजलेले रूप. त्याच्या पुढचे व्यंजनही मऊ होते : वडील ‘ओ ब्रीनॉन’, तर मुलगी ‘नी व्रीनॉन’. गायिका एन्या (जन्म १९६१) हिचे पूर्ण आयरिश नाव एन्या पॉड्रिगीन नी व्रीनॉन. यातले पॉड्रिगीन (पॅट्रिशिया) एवढेच मधले नाव. आयरिशभाषक भागांत बोलण्यात मात्र मुलीच्या नावापुढे वडील-आजोबांची नावे ओवतात, उदा., ‘मॉइरे ह्यॉन फॉड्रिग’ (पॉड्रिगच्या शॉनची मॉइरे). ही पद्धत आपल्या ओळखीची. पण ती नोंदवहीत येत नाही.

मध्ययुगीन बखरींत स्त्रीचे एकच नाव आणि ‘अमक्याची मुलगी’ एवढाच उल्लेख असतो. दुहेरी नावे नॉर्मन लोकांनी आणली, असे सांगितले जाते. ११६९ नंतर त्यांच्याबरोबर नावे आली हे खरे : जेहान या फ्रेंच स्त्रीनामाचे शिवॉन झाले, त्याच्याच लघुरूपाचे शिनेड. पण नावे आली म्हणून दोन-दोन ठेवण्याची चालही तेव्हाच आली, असे होत नाही. ती बहुधा अठराव्या शतकानंतर पसरली आणि तिला बळ मिळाले ते बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

त्याचे एक कारण कायद्यातच सापडते. १९१७ च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेतील ७६१ व्या कलमानुसार, आईबाप ख्रिस्ती नाव ठेवायला तयार नसतील, तर धर्मगुरूने त्यांनी सुचवलेल्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवावीत. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनाने (गेलिक लीग, १८९३) दीर्द्रे, ग्रॉन्या अशी दंतकथांतली नावे पुन्हा घराघरांत आणली होती. त्या नायिका संत नव्हत्या. त्यामुळे ‘दीर्द्रे मेरी’सारखी जोडी दोन्ही बाजूंना चालण्यासारखी होती. १९८३ च्या संहितेने ही अट सैल केली. नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे, इतकेच आता अपेक्षित आहे.

मेरी हे नाव इतके सर्रास झाले, की ते जुनेच असेल असे वाटते. प्रत्यक्षात आयरिशमध्ये येशूची माता ‘मुइरे’, आणि हे रूप आदरापोटी कोणाही मुलीला देत नाहीत. मुलींसाठी ‘मॉइरे’ हे वेगळे रूप आहे. पूर्वी थेट नाव घेण्याऐवजी ‘मुइरेचा सेवक’ अशा अर्थाची नावे ठेवत. मॉइरेचा प्रसार सतराव्या शतकाच्या आसपास किंवा त्यानंतरचा मानतात. पुढे मेरी मुलग्यांच्याही मधल्या जागी गेली (१९१६ च्या उठावातले जोसेफ मेरी प्लंकेट), आणि मुलींच्या बाबतीत दोन्ही जागी. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी रॉबिन्सन यांचे माहेरचे नाव मेरी टेरीज विनिफ्रेड बर्क. गायिका शिनेड ओकॉनर (१९६६–२०२३) हिचे शिनेड मारी बर्नाडेट. बर्नाडेट लूर्दच्या संत स्त्रीवरून, तर शिनेड तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीवरून.

ब्रीद (ब्रिजिट) या नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. सु. ९०० च्या कोर्मकच्या शब्दकोशात ते ‘अग्निबाण’ अशा अर्थाच्या शब्दांपासून साधले आहे. ती लोकव्युत्पत्ती होय. तौलनिक भाषाशास्त्र ते ‘उंच, थोर’ या अर्थाच्या मूळ केल्टिक शब्दापासून काढते. संस्कृत ‘बृहती’ हे त्याचेच सगोत्र रूप. याच नावाची एक देवताही होती. किल्डेअरची संत ब्रीद (मृत्यू सु. ५२५) ही त्या देवतेचेच ख्रिस्ती रूप, असे काही अभ्यासक म्हणतात. सातव्या शतकात कोगितोसुसने लिहिलेल्या संतचरित्रात देवतेचा उल्लेख नाही, आणि देवतेचे नाव माणसांना असणे काही अशक्य नव्हते. तेव्हा मठाधिपती स्त्री खरोखर होऊन गेली आणि कथा मागाहून मिसळल्या, असे मानणे सोयीचे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आयरिश मोलकरणीला सरसकट ‘बिडी’ (ब्रिजिटचे लघुरूप) म्हणू लागल्याने नावाची शान गेली. आजीची आठवण म्हणून ते मधल्या जागी मात्र टिकले. २०२३ पासून आयर्लंडमध्ये ब्रीदच्या सणाची सार्वजनिक सुटी असते.

जोडी कशी जुळवावी याविषयी मतांतरे आहेत. एक पक्ष पहिले नाव आयरिश आणि मधले एकाच उच्चारखंडाचे इंग्रजी (रोझ, ग्रेस, केट) पसंत करतो, उदा., ग्रॉन्या रोझ. याचे कारण लेखनात आहे. जुन्या आयरिश वर्णमालेत अठराच अक्षरे, ‘व्ही’ नाही. तो ध्वनी ‘बी’वर नुक्ता देऊन दाखवत आणि विसाव्या शतकात नुक्त्याच्या जागी ‘एच’ आला. म्हणून शिवॉन हे नाव रोमन लिपीत मराठी डोळ्याला ‘सिओभान’ दिसते. परदेशात अशा मुलीला अडचणीला सोपे मधले नाव कामी येते. दुसऱ्या पक्षाला ही तडजोड वाटते. सीर्शा ऊना (अभिनेत्री सीर्शा रोनन, जन्म १९९४) ही दोन्ही आयरिश नावांची जोडी त्यांच्या बाजूची. अर्थात सीर्शा, म्हणजे ‘स्वातंत्र्य’, हे नाव म्हणून विसाव्या शतकातलेच. २०२१ मध्ये आयर्लंडमधील मुलींत अग्रस्थानी आलेले फीया (‘रानटी’, ‘हरीण’) तर त्याहून नवे. एका गोष्टीवर मात्र दोन्ही पक्षांचे जमते : ‘ईफा’पुढे ‘ॲन’ ठेवला, तर स्वरांचा संधी होऊन दोन्ही नावे बुडतात.

प्रॉटेस्टंट घरांत संतनामाची सक्ती नव्हती. बायबल आणि घराणे पुरे होते. भारताशी जोडल्या गेलेल्या दोन आयरिश स्त्रिया, डंगॅननला जन्मलेल्या भगिनी निवेदिता (१८६७–१९११) आणि ‘जन गण मन’च्या चालीशी जिचे नाव निगडित आहे त्या मार्गारेट कझिन्स (१८७८–१९५४), दोघींचीही जन्मनावे मार्गारेट एलिझाबेथ.