सेल्टिक: गरीब मुलांच्या जेवणासाठी उभा राहिलेला क्लब

स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबचा इतिहास करंडकांच्या यादीतून सांगण्याची पद्धत आहे. त्याची खरी सुरुवात मात्र एका शाळेतील उपाशी मुलांपासून होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक सडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा हजारो कॅथलिक कुटुंबे समुद्र ओलांडून ग्लासगोला आली आणि शहराच्या पूर्व भागातील दाटीवाटीच्या वस्त्यांत स्थिरावली. पुढच्या पिढीलाही बेताची मजुरी, रोगराई आणि स्थानिकांचा दुरावा चुकला नाही. या भागातील शाळेचे मुख्याध्यापक ब्रदर वॉल्फ्रिड हे स्वतः आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातून आलेले, मारिस्ट या कॅथलिक धर्मसंघाचे धर्मबंधू होते. मुले रिकाम्या पोटी वर्गात बसतात, हे रोज पाहून त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने नाममात्र पेनीत गरम जेवण देण्याची सोय केली. हा उपक्रम चालवायला कायमचा पैसा हवा होता. एडिनबरामधील आयरिश वस्तीच्या हिबर्नियन संघाने १८८७ साली स्कॉटिश कप जिंकल्यावर तो फुटबॉल सामन्यांतून येऊ शकेल, हे त्यांच्या लक्षात आले. ६ नोव्हेंबर १८८७ रोजी कॅल्टन भागातील सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात सेल्टिकची स्थापना झाली.

पहिला सामना २८ मे १८८८ रोजी रेंजर्सविरुद्ध झाला आणि सेल्टिकने तो ५-२ असा जिंकला. त्यानंतर संघ इतक्या वेगाने बळकट झाला त्याचे एक कारण असे की, ज्या हिबर्नियनकडून प्रेरणा घेतली त्याच क्लबचे अनेक चांगले खेळाडू सेल्टिकने आपल्याकडे ओढले. त्या धक्क्यातून न सावरलेल्या हिबर्नियनला १८९१ मध्ये काही काळ कामकाजच थांबवावे लागले. धर्मादाय हेतूने निघालेल्या संस्थेच्या इतिहासातील ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही.

पुढे जमीनमालकाने मैदानाचे वार्षिक भाडे ५० पौंडांवरून ४५० पौंडांवर नेले. म्हणून १८९२ मध्ये क्लब जवळच्याच एका जुन्या वीटभट्टीच्या जागेवर गेला. तेथील पाण्याने भरलेला खोल खड्डा बुजवण्यासाठी हजारो गाड्या माती टाकावी लागली आणि त्या कामासाठी वस्तीतील माणसे स्वतःहून राबली. जुने मैदान सोडून येथे येणे म्हणजे स्मशानातून स्वर्गात येणे, असे तेव्हा कोणीतरी म्हटले आणि सेल्टिक पार्कला ‘पॅरडाइज’ हे नाव कायमचे चिकटले. त्याच वर्षी संघाने पहिला स्कॉटिश कप जिंकला आणि त्याच वर्षी ब्रदर वॉल्फ्रिड यांची बदली लंडनला झाली. ते गेल्यावर जेवणासाठी जाणारा पैसा आटत गेला. १८९७ मध्ये क्लबची मर्यादित कंपनी झाली आणि नफ्यावर भागधारकांचा हक्क आला. माझ्या मते सेल्टिकच्या इतिहासातील सर्वांत मोठे वळण हेच आहे, कारण पुढील शंभर वर्षे क्लब नेमका कोणाचा, हा प्रश्न येथूनच निर्माण झाला.

विली मेली यांनी १८९७ ते १९४० इतका दीर्घकाळ व्यवस्थापकपद सांभाळले. त्यांच्याच काळात, १९३६ मध्ये, कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचे मोहम्मद सलीम ग्लासगोला गेले. ते अनवाणी खेळत. सेल्टिकचे प्रशिक्षक जिमी मॅकमेनेमी गुडघे टेकून सलीम यांच्या पायांना पट्ट्या बांधत आहेत, असे त्या वेळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. दुय्यम संघाच्या दोन सामन्यांत त्यांनी प्रेक्षकांची मने जिंकली, परंतु घरची ओढ लागल्याने ते लवकरच मायदेशी परतले.

१९६५ मध्ये जॉक स्टीन व्यवस्थापक झाले. ते एकेकाळचे खाणकामगार आणि प्रोटेस्टंट होते. कॅथलिक ओळखीच्या क्लबने सूत्रे त्यांच्या हाती देणे, ही त्या काळच्या ग्लासगोत साधी गोष्ट नव्हती. २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये युरोपियन कप या युरोपातील विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघासमोर इंटर मिलान होता, ज्याने १९६४ आणि १९६५ मध्ये हा करंडक जिंकला होता आणि ज्याचा बचाव अभेद्य मानला जाई. सातव्याच मिनिटाला पेनल्टीवर इंटरने आघाडी घेतली. त्यानंतर सेल्टिकने अखंड आक्रमण केले. टॉमी गेमेलने बरोबरी साधली आणि सामना संपायला पाचेक मिनिटे असताना स्टीव्ह चामर्सने विजयी गोल केला. हा करंडक जिंकणारा सेल्टिक हा पहिला ब्रिटिश क्लब ठरला. त्या अकराही खेळाडूंचा जन्म सेल्टिक पार्कपासून सुमारे ३० मैलांच्या आतला होता. गोलरक्षक रॉनी सिम्पसनच्या टोपीत काही खेळाडूंनी आपल्या दातांच्या कवळ्या काढून ठेवल्या होत्या, विजयानंतरच्या छायाचित्रासाठी त्या हाताशी असाव्यात म्हणून. ऐन तारुण्यात दात गमावलेल्या या माणसांची टोपी मला त्या करंडकाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण वॉल्फ्रिड यांच्या शाळेतील मुले याच कष्टकरी वर्गातील होती.

१९६६ ते १९७४ अशी सलग नऊ लीग विजेतेपदे मिळवल्यानंतरही क्लबची मालकी पिढ्यान्पिढ्या मोजक्या घराण्यांकडेच राहिली. कर्ज वाढत गेले आणि मार्च १९९४ मध्ये बँक क्लबचा ताबा घेण्याच्या बेतात असताना, स्कॉटलंडमध्ये जन्मलेले कॅनडास्थित उद्योजक फर्गस मॅक्कॅन यांनी अगदी शेवटच्या घटकेला पैसे भरून तो वाचवला. त्यानंतर काढलेल्या भागविक्रीत दहा हजारांहून अधिक सामान्य चाहत्यांनी आपली बचत गुंतवली, आणि त्या बळावर १९९८ पर्यंत साठ हजार आसनांचे नवे स्टेडियम उभे राहिले. मॅक्कॅन यांच्याच पुढाकाराने १९९५ मध्ये क्लबचा धर्मादाय निधी नव्याने सुरू झाला. २००५ मध्ये स्टेडियमच्या दर्शनी भागात ब्रदर वॉल्फ्रिड यांचा पुतळा बसवण्यात आला, आणि त्यासाठीचा पैसा चाहत्यांनी वर्गणी काढून जमवला होता.