मेंढ्यांमधली लाळ्या-खुरकूत आणि रक्त (कोकण)

लाळ्या-खुरकूत, म्हणजे नुसती खुरकूत, हा दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा विषाणूजन्य रोग. गायी-म्हशींच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, मेंढीत तसं काही दिसतच नाही, एखादी लंगडते, वरच्या हिरडीवर बारीक फोड येतो आणि तो चार दिवसांत भरूनही येतो, म्हणून तर मेंढी कुणाला कळायच्या आत रोग पसरवते. २००१ साली ब्रिटनमध्ये असंच झालं, बाजारात फिरलेल्या मेंढ्यांनी साथ लांबवर नेली.

कोकणात पावसामुळे मेंढ्या कमी, शेळ्याच जास्त. मेंढरं येतात ती दिवाळीनंतर, घाटावरच्या धनगरांबरोबर, भात कापलेल्या शेतांत खतासाठी बसवतात आणि पावसाआधी परत वर जातात. गावची गुरं आणि मेंढरं एकाच पाणवठ्यावर, त्यामुळे लागण दोन्हीकडून होते, दोष एकट्या धनगरांवर टाकणं अजिबात बरोबर नाही.

आता रक्ताचं. फोड दिसायच्या आधीच विषाणू रक्तातून अंगभर फिरलेला असतो. तापाच्या त्या दिवसांत पांढऱ्या पेशी, त्यातही लिम्फोसाइट कमी होतात आणि मग खुराच्या जखमेत इतर जंतूंना फावतं. काही तपासण्यांत हिमोग्लोबिनही उतरलेलं आढळलंय (निरोगी मेंढीत १०० मिली रक्तात साधारण ९ ते १५ ग्रॅम), पण तोंड दुखतंय म्हणून मेंढी पाणीच पीत नसेल तर रक्त घट्ट होऊन आकडा उलट बरा दिसतो, तेव्हा एका रिपोर्टवर विसंबू नये. कोकरांचं दुखणं वेगळंच. विषाणू थेट हृदयाच्या स्नायूवर बसतो, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन) वाढतं, तोंडात एकही फोड नसताना कोकरू आचळाला लागल्या लागल्या कोसळतं, आणि कापून पाहिलं तर हृदयावर वाघासारखे फिकट पट्टे.

मेंढीची खालची पापणी ओढून बघायची. लालसर असेल तर ठीक, पांढरी फटक असेल तर कोकणात आधी रक्त पिणारे जंत आणि पाणथळीतला लिव्हर फ्लूक (यकृतातला चपटा जंत) आठवायचा, कारण एकट्या खुरकुतीने मेंढी एवढी पांढरी पडत नाही. म्हणून जांभळ्या बुचाच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत तपासायला रक्त देताना सोबत लेंड्याही द्याव्यात.

विषाणूवर औषध नाही. पोटॅशच्या (खताचा नव्हे, पोटॅशियम परमँगनेटच्या) पाण्याने तोंड-खुरं धुवायची, अँटिबायोटिक लागतं ते फक्त चिघळलेल्या जखमेसाठी. भारतातल्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ हे तीन प्रकार असतात, ती अंगी लागायला दोनेक आठवडे जातात, त्यामुळे टोचायची ती घाट उतरायच्या आधी, खाली आल्यावर नव्हे.